सीझनआधी कॉलेज फुटबॉल टीमची डिफेन्सिव्ह लाइन कशी जोखायची?

ऑगस्ट उजाडला की कोलंबस, अ‍ॅन आर्बर, अथेन्स, क्लेमसन अशा गावांत एकच विषय असतो: यंदा टीम कशी आहे? ऑफिसात, किराणा दुकानात, मुलांच्या शाळेच्या फाटकापाशी, सगळीकडे तेच. अमेरिकेत नव्याने आलेल्या किंवा इथल्या विद्यापीठात मुलाला-मुलीला घातलेल्या मराठी माणसाला क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, चाल चालवणारा खेळाडू) कोण ते लवकर समजतं, कारण कॅमेरा सतत त्याच्यावरच असतो. पण जाणकारांच्या गप्पा हटकून डिफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे बचावात अगदी पुढे उभ्या राहणाऱ्या तीन-चार जणांवर घसरतात आणि आपण नुसती मान डोलवत बसतो. मी कोलंबसला आले तेव्हा हे एका जागी सांगणारं कोणी नव्हतं. तुकड्यातुकड्यांनी जे गोळा झालं ते इथे क्रमाने मांडते आहे.

चार प्रयत्नांत (डाउन) दहा यार्ड पुढे जायचं, एवढा नियम तुम्हाला माहीत आहे असं धरते. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकते: लाइन जोखायची ती गाजलेल्या नावांवरून नाही, सॅकच्या (क्वार्टरबॅकला बॉल फेकण्याआधीच पाडण्याच्या) आकड्यावरूनही नाही. मागच्या वर्षी किती जण खरोखर मैदानात उभे होते आणि मधल्या दोघांनी काय केलं, यावरून जोखायची.

हाताशी काय काय हवं

- यंदाचं आणि गेल्या वर्षीचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी (विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या साइटवर फुकट मिळतं)
- गेल्या सीझनची एकत्रित आकडेवारी आणि प्रत्येक मॅचची बॉक्स स्कोअर (आकड्यांचा तक्ता)
- गेल्या वर्षीच्या तीन पूर्ण मॅचचं रेकॉर्डिंग. हायलाइट्स चालणार नाहीत
- ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूंच्या नोंदीतून) कोण आलं-गेलं त्याची यादी
- यंदाचं वेळापत्रक
- एक वही. एक्सेलही चालेल, पण मॅच बघताना वही सोयीची पडते.

स्नॅप म्हणजे बॉल मागे देऊन सुरू होणारा एकेक प्ले. कोण किती स्नॅप खेळला याचे तयार आकडे पीएफएफसारख्या आकडेवारीच्या साइटवर पैसे भरून मिळतात. ते घेतलेच पाहिजेत असं मुळीच नाही.

१. आधी कोणाचं काम काय ते ओळखा

समोर ऑफेन्सिव्ह लाइनचे पाच जण असतात: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. त्यांच्यातल्या फटींना गॅप म्हणतात. सेंटर आणि गार्डमधली ए, गार्ड आणि टॅकलमधली बी, टॅकलच्या बाहेरची सी. डिफेन्सिव्ह लाइनमन कुठे उभा राहतो ते आकड्यांत सांगतात. बरोबर सेंटरसमोर असेल तर झीरो, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर असेल तर थ्री-टेक्निक, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर असेल तर फाइव्ह.

चार जणांच्या लाइनमध्ये मधले दोघं डिफेन्सिव्ह टॅकल आणि कडेचे दोघं एंड. मधल्यांपैकी नोज हा सगळ्यात जड गडी, बरेचदा १४० किलोच्या पुढचा. त्याचं काम जागा न सोडणं. थ्री-टेक्निकवाला जरा चपळ, फटीतून आत घुसणारा. एंड साधारण ११५ ते १२५ किलोचे, आणि सॅक बहुतेक त्यांच्या नावावर लागतात.

पण सगळ्या टीम चार जणांनी खेळत नाहीत. जॉन हीकॉक यांच्या हाताखाली आयोवा स्टेट २०१७ पासून वर्षानुवर्षं तीन जणांच्या लाइनवर खेळली. अशा टीमच्या लाइनमनकडून सॅकचा ढीग मागायचाच नसतो. समोरचे पाच जण अडकवून मागच्यांना मोकळं ठेवणं हेच त्यांचं काम.

एक सापळा इथेच आहे. कडेने धावून येणारा खेळाडू काही टीम रोस्टरवर 'लाइनबॅकर' (लाइनच्या मागे उभा राहणारा बचावपटू) म्हणून दाखवतात. जॉर्जियाचा नोलन स्मिथ बाहेरचा लाइनबॅकर म्हणून नोंदलेला होता, पण क्वार्टरबॅकवर चाल करणाऱ्यांत तो असायचाच. कुठे 'जॅक', कुठे 'बक', कुठे 'लिओ' अशी या जागेची नावं. रोस्टरवरच्या 'डीएल' या दोन अक्षरांवर विसंबलात तर निम्मी माणसं यादीतून सुटतील.

२. कोण गेलं, कोण उरलं, कोण आलं

वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीग एनएफएलच्या निवडीत) गेलेले, शिक्षण संपलेले आणि पोर्टलमधून बाहेर पडलेले. दुसऱ्यात परतणारे. तिसऱ्यात नवे: शाळेतून आलेले वेगळे आणि दुसऱ्या विद्यापीठातून आलेले वेगळे.

पोर्टल २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं, २०२१ पासून एकदा बदली करून लगेच खेळता येऊ लागलं आणि २०२४ मध्ये कितीही वेळा बदली करायची मुभा मिळाली. त्यामुळे जुनी यादी कुचकामी. २०२६ पासून पोर्टलची मुख्य मुदत जानेवारीतच असते, एप्रिलची मुदत बंद झाली. म्हणजे आता फेब्रुवारीतली यादी बऱ्यापैकी भरवशाची असते. शिवाय २०२५ पासून रोस्टरवर १०५ खेळाडूंची मर्यादा आहे, तेव्हा पूर्वीसारखी लाइनमनची फौज बाळगता येत नाही.

नावाआधी 'रेडशर्ट' दिसलं तर बिचकू नका. त्या खेळाडूचं एक वर्ष खेळण्याच्या वर्षांत मोजलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. २०१८ पासूनचा नियम असा की चार मॅचपर्यंत खेळूनही ते वर्ष खर्ची पडत नाही. रेडशर्ट सोफोमोर म्हणजे खेळाच्या हिशेबात दुसरं, पण कॉलेजमध्ये तिसरं वर्ष. लाइनवर हे तिसरं वर्ष फार मोलाचं. अठरा वर्षांच्या पोराला बावीस-तेवीस वर्षांच्या गार्डसमोर उभं राहायला अंगात बळ यावं लागतं, ते एका उन्हाळ्यात येत नाही. म्हणून शाळेतून पाच तारे (सर्वोच्च मानांकन) घेऊन आलेल्या पोराचं कौतुक जरूर करा, पण पहिल्या वर्षीच्या हिशेबात त्याला धरू नका. मिशिगनचे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट २०२२ मध्ये पहिल्याच वर्षी खेळले हे खरं, पण ते अपवाद. आणि तेव्हाही ते इतरांबरोबर आलटून-पालटून खेळत होते.

३. 'परतणारे स्टार्टर' मोजू नका, स्नॅप मोजा

सीझनआधीच्या मासिकांत हमखास एक ओळ असते: 'लाइनवर इतके स्टार्टर (मॅचच्या सुरुवातीला उतरणारे) परतताहेत.' या ओळीने जितकी दिशाभूल होते तितकी दुसऱ्या कशानेच होत नसेल.

आमच्या कोलंबसच्या ओहायो स्टेटचंच बघा. २०२४ च्या सीझनमध्ये त्यांच्या लाइनवर जॅक सॉयर, जेटी टुइमोलोआउ, टायलिक विल्यम्स आणि टाय हॅमिल्टन होते. जानेवारी २०२५ मध्ये नोटर डेमला ३४-२३ हरवून त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये चौघंही गेले. परतणारे स्टार्टर शून्य. मासिकाच्या हिशेबाने लाइन कोसळायला हवी होती. प्रत्यक्षात २०२५ च्या नियमित सीझनमध्ये ते १२-० राहिले आणि त्यांच्याविरुद्ध देशात सगळ्यात कमी गुण झाले. केडन मॅकडॉनल्ड, केडन करी, केन्याटा जॅक्सन ही मंडळी आकाशातून पडली नव्हती. २०२४ मध्येच ती बदली खेळाडू म्हणून आत-बाहेर करत होती. स्टार्टरच्या यादीत दिसत नव्हती, इतकंच.

आता उलटं उदाहरण. क्लेमसन २०२५ मध्ये सीझनआधीच्या एपी (असोसिएटेड प्रेस) क्रमवारीत चौथी होती. लाइनवर पीटर वुड्स आणि २०२४ मध्ये ११ सॅक केलेला टीजे पार्कर, म्हणजे देशभर गाजलेली नावं. नियमित सीझन संपला ७-५ वर. सगळा दोष लाइनचा होता असं मी म्हणत नाही, पण दोन मोठी नावं परतली म्हणून निर्धास्त झालेल्या चाहत्यांना तो सीझन जड गेला. याच क्लेमसनचे चारही जण २०१८ मध्ये परतले होते: विल्किन्स, लॉरेन्स, फेरेल, ब्रायंट. तेव्हा टीम १५-० राहिली आणि अंतिम मॅचमध्ये अलाबामाला ४४-१६ हरवलं. तेव्हा परतणं महत्त्वाचं आहेच, पण परतणाऱ्यांनी किती आणि कोणासमोर खेळलंय हे बघितल्याशिवाय त्या शब्दाला किंमत नाही.

एका मॅचमध्ये डिफेन्सच्या वाट्याला साधारण ६० ते ७० स्नॅप येतात. १४० किलोचा माणूस ते सगळे खेळू शकत नाही. म्हणून चांगल्या टीम आठ-नऊ जण आलटून-पालटून खेळवतात. २०२३ च्या मिशिगनमध्ये एकाही गड्याच्या नावावर डोळे दिपवणारे सॅक नव्हते, पण चौथ्या क्वार्टरमध्येही ताजे पाय होते. ते १५-० राहिले.

माझा स्वतःचा निकष असा: गेल्या सीझनमध्ये २०० हून जास्त स्नॅप खेळलेले किती जण आज टीममध्ये आहेत? सहा किंवा जास्त असतील तर लाइन भक्कम. चार-पाच असतील तर एखादी दुखापत झेपेल. तीन किंवा कमी असतील तर नावं कितीही मोठी असोत, नोव्हेंबरची काळजी करा. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्याचे तिथले स्नॅपही धरा, पण तो लहान कॉन्फरन्समधून (विद्यापीठांच्या गटातून) आला असेल तर निम्मेच धरा.

तयार आकडे नसतील तर मॅच बघताना दर ड्राइव्हला (बॉल एका टीमकडे असेल त्या सलग पाळीला) कोणते नंबर मैदानात आहेत ते लिहा. दोन मॅचमध्ये अंदाज येतो.

४. आकडे वाचताना कुठे पाय घसरतो

*सॅक आणि धावण्याचे यार्ड.* कॉलेजमध्ये सॅकमुळे गमावलेले यार्ड प्रतिस्पर्ध्याच्या धावण्याच्या यार्डांतून वजा होतात. एनएफएलमध्ये तसं होत नाही. व्यावसायिक फुटबॉल बघून आलेले लोक हमखास इथेच फसतात. समजा, समोरच्या टीमने ३० वेळा बॉल घेऊन धाव घेतली आणि १५० यार्ड काढले. शिवाय त्यांच्या क्वार्टरबॅकला चारदा मागे पाडलं, ३० यार्ड गेले. बॉक्स स्कोअरमध्ये दिसेल: ३४ धावा, १२० यार्ड, सरासरी साडेतीन. वाटेल, वा, धाव काय अडवली! खरी सरासरी मात्र पाच यार्डांची, म्हणजे मधली फळी फुटलेली. म्हणून दरवेळी सॅकचे यार्ड धावण्याच्या यार्डांत परत जमा करा, सॅकची संख्या धावांतून वजा करा आणि मग भागाकार करा. पाच मिनिटांचं काम आहे.

*टीएफएलमध्ये सॅक धरलेलेच असतात.* टीएफएल म्हणजे बॉल घेतलेल्याला, प्ले सुरू झाला त्या रेषेच्या मागे पाडणं. कोणी '१२ टीएफएल आणि ८ सॅक' सांगितलं की वीस पराक्रम झाले असं समजू नका. बारातून आठ वजा करा. उरलेले चार, एवढंच त्याने धाव अडवताना मागे पाडलं. असे गडी पासच्या वेळी वाघ असतात आणि धावेच्या वेळी त्यांच्याच बाजूने रस्ता उघडतो.

*सॅक कोणाविरुद्ध?* मॅचवार फोड काढा. सप्टेंबरमध्ये दुबळ्या पाहुण्या टीमविरुद्धचे चार सॅक आणि नोव्हेंबरमध्ये कॉन्फरन्समधल्या तगड्या टीमविरुद्धचा एक, यांत मी त्या नोव्हेंबरच्या एका सॅकला जास्त मान देते. आर्मी किंवा नेव्हीविरुद्धची मॅच या हिशेबातून सरळ वगळा. ते इतकं धावतात आणि इतक्या वेगळ्या पद्धतीने ब्लॉक करतात की त्या मॅचवरून बाकी सीझनचं काहीच ठरत नाही.

*मधल्यांचे आकडे छोटेच असतात.* जॉर्जियाचा जॉर्डन डेव्हिस २०२१ मध्ये आउटलँड ट्रॉफी (सर्वोत्तम लाइनमनची) आणि बेडनारिक पुरस्कार (सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडूचा) घेऊन गेला. सॅक किती? दोन. त्याच लाइनवरचा ट्रॅव्हॉन वॉकर सहा सॅकवर २०२२ च्या ड्राफ्टमध्ये पहिला गेला, १४ सॅकवाल्या मिशिगनच्या एडन हचिन्सनच्याही आधी. डेव्हिस, वॉकर आणि डेव्हॉन्टे वायट असे तिघं त्या एका लाइनमधून पहिल्याच फेरीत गेले, आणि मागे उरलेला जेलन कार्टर पुढच्या वर्षी नवव्या क्रमांकावर. दोन सॅकवाला माणूस देशातला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू कसा ठरतो, हे ज्याला समजलं त्याला लाइन समजली. त्यासाठी मॅच बघावी लागते.

५. मॅच बघा, पण बॉलकडे बघू नका

तीन मॅच निवडा: एक हरलेली, एक तगड्या ऑफेन्सिव्ह लाइनसमोरची, एक सीझनच्या शेवटची. प्रत्येक ड्राइव्हला एकच लाइनमन निवडा आणि स्नॅपनंतर पहिले दोन सेकंद फक्त त्याच्याकडे बघा. बॉल कुठे गेला ते नंतर कळेलच.

नोजपासून सुरुवात करा. स्नॅप झाल्या झाल्या सेंटर आणि गार्ड दोघं त्याच्यावर येतात. खांद्याला खांदा लावून त्याला मागे रेटतात, पण त्यातल्या एकाची नजर मागच्या लाइनबॅकरवर असते: हा हलला की मी सुटलो आणि त्याला गाठला. नोज कंबर खाली ठेवून, प्रसंगी एक गुडघा जमिनीला टेकून, तिथेच रुतून बसला तर तो दुसरा सुटू शकत नाही. लाइनबॅकर मोकळा धावत येतो, पाडतो आणि ते पाडणं ('टॅकल') त्याच्या नावावर लागतं. नोजच्या नावापुढे त्या प्लेला काहीही लिहिलं जात नाही. कबड्डीत साखळीने चढाईपटूची वाट बंद करावी आणि पकडीचा जयजयकार मात्र ज्याने घोटा धरला त्याचा व्हावा, तसंच हे.

वहीत त्याच्यासाठी दोनच खुणा पुरेत: दोघं अंगावर आल्यावर जागेवर राहिला की यार्डभर मागे गेला. वीस-पंचवीस प्लेनंतर चित्र स्पष्ट होतं.

एंडकडे बघताना सॅक झाला का ते नाही, क्वार्टरबॅकला हलावं लागलं का ते बघा. आणि एंड आत घुसण्याच्या नादात कडा उघडी टाकतो का? पळणाऱ्या क्वार्टरबॅकसमोर ही सवय फार महागात पडते. यंदाच्या वेळापत्रकात असे क्वार्टरबॅक किती आहेत ते लगेच तपासा.

तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी पुन्हा त्याच माणसाकडे या. कंबर अजून खाली आहे, की तो उभा राहायला लागलाय? उभा राहिला की दमला.

एक तुकडा आवर्जून शोधून बघा. १० जानेवारी २०२५, कॉटन बोल (प्लेऑफची उपांत्य मॅच), ओहायो स्टेट विरुद्ध टेक्सस. चौथ्या डाउनला जॅक सॉयरने क्विन युअर्सच्या हातून बॉल उडवला आणि ८३ यार्ड पळत जाऊन टचडाउन केलं. तो क्षण आमच्या गावात लहान मुलांनाही पाठ आहे. पण रेकॉर्डिंग तीन प्ले मागे न्या. टेक्सस टचडाउनच्या रेषेपासून एक यार्डावर होती, पहिला डाउन. मधून धाव घेतली, एक इंचही मिळाला नाही. दुसऱ्या डाउनला बाहेर टॉस केला, सात यार्ड मागे गेले. तिसऱ्या डाउनचा पास अपुरा. म्हणून चौथ्या डाउनला आठ यार्डांवरून पास टाकायची वेळ आली आणि म्हणून सॉयरला संधी मिळाली. पहिल्या डाउनला मध्ये जी फळी हलली नाही, तिच्यावर डोळा ठेवायला शिका.

६. कोच

इथे फार वेळ घालवू नका. दोन प्रश्न पुरे: डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (सगळ्या बचावाची आखणी करणारा कोच) बदलला का, आणि लाइनचा कोच बदलला का? कोऑर्डिनेटर बदलला तर तीनच्या लाइनची चार किंवा चारची तीन होऊ शकते, आणि मग गेल्या वर्षीचा उत्तम एंड यंदा चुकीच्या जागी उभा दिसतो. लाइनचा कोच तोच असेल तर मला निम्मा धीर येतो. ओहायो स्टेटमध्ये २०२५ ला कोऑर्डिनेटर नवा आला, पण लाइनचे लॅरी जॉन्सन २०१४ पासून तिथेच होते.

७. वसंत आणि ऑगस्टच्या बातम्या गाळून घ्या

वसंतात १५ सराव होतात आणि बऱ्याच ठिकाणी शेवटी एक प्रदर्शनी मॅच असते. तिथले सॅक मोजू नका. क्वार्टरबॅकला कोणी पाडत नाही, नुसता हात लागला की शिट्टी वाजते. शिवाय दोन्ही बाजू आपलीच, लाइन भारी दिसली तर ऑफेन्सिव्ह लाइन कच्ची आहे का हा प्रश्न उरतोच.

'अमक्याने उन्हाळ्यात दहा किलो वजन कमावलं' ही बातमी दरवर्षी येते. रोस्टरवरचं वजन विद्यापीठच लिहितं, तेव्हा त्यावर फार इमले बांधू नका. त्यापेक्षा दुखापतींच्या बातम्या नीट वाचा. गुडघ्याच्या एसीएलची शस्त्रक्रिया गेल्या नोव्हेंबरात झाली असेल तर तो ऑगस्टच्या अखेरीस मैदानात दिसला तरी पूर्वीचा जोर यायला वेळ लागतो.

पहिल्या मॅचच्या आठवड्यात डेप्थ चार्ट (कोणत्या जागी पहिला कोण, दुसरा कोण याची यादी) आला आणि दोन नावांमध्ये 'किंवा' दिसलं, तर लाइनच्या बाबतीत ती बहुधा चांगली खूण असते. क्वार्टरबॅकच्या जागी तोच शब्द चिंतेचा, इथे मात्र त्याचा अर्थ दोघंही खेळणार.

८. अंदाज लिहून ठेवा, सप्टेंबरात तपासा

पहिल्या मॅचआधी वहीत चार ओळी लिहा: २०० स्नॅपवाले किती, नोज दोघांना झेलतो का, धावेची दुरुस्त केलेली सरासरी किती, वेळापत्रकातल्या कोणत्या दोन मॅच लाइनला जड जातील. तारीख टाका. नंतर खाडाखोड करू नका.

पहिल्या दोन मॅच बहुतेक सोप्या असतात, त्यांतल्या निकालावरून काही ठरवू नका. पण त्या बघाच. मॅच हातात आल्यावर तिसऱ्या क्वार्टरनंतर दुसऱ्या फळीतली पोरं आत येतात. त्यांचे नंबर टिपा. कॉन्फरन्सची पहिली मोठी मॅच लागेल तेव्हा त्यांतले किती जण पहिल्या हाफमध्ये आत येतात ते मोजा. सीझनआधी तुम्ही लिहिलेला २०० स्नॅपवाल्यांचा आकडा आणि (स्टार्टर धरून) हा आकडा जुळला, तर लाइनबद्दलचा बाकीचा अंदाजही बहुतेक जुळतो. जुळला नाही, तर दुसऱ्या ओळीपासून वही पुन्हा लिहायला घ्या.